जन्मगावाचा व्हिसा

भारतीय पासपोर्टात जन्मस्थानाची एक ओळ असते. बहुतेकांच्या त्या ओळीत सातारा, सोलापूर, नागपूर असं काहीतरी असतं आणि ती कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. पण त्या जागी दुबई, कुवेत, मस्कत किंवा दोहा छापलेली एक अख्खी पिढी आता जाणती झाली आहे. ही माणसं त्या शहरांच्या विमानतळावर उतरतात तेव्हा खिडकीतला अधिकारी पानं उलटत व्हिसा शोधतो. माणूस याच शहरात जन्मला याचा पुरावा अधिकाऱ्याच्या हातात असतो, आणि त्या पुराव्याला त्या खिडकीत काडीची किंमत नसते. आपल्याच जन्मगावी ते पर्यटक म्हणून शिरतात, परतीचं तिकीट खिशात ठेवून.

परत जाण्याच्या त्यांच्या ओढीला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरं मिळतात. पहिलं, “तिथे ठेवलंय काय? वाळू आणि मॉल.” दुसरं, “लहानपण काय, सगळ्यांनाच आठवतं.” दोन्ही उत्तरांत ती ओढ भावनेच्या खाती टाकून मोकळं होण्याची सोय आहे. ती भावना आहेच. पण तिच्या पोटात एक दावाही आहे: माणूस जिथे जन्मला, वाढला, त्या जागेशी त्याचं काही नातं कायद्यानेही मानावं की नाही? जगातल्या बहुतेक देशांनी हा दावा फेटाळलेला आहे, असंही म्हणता येत नाही. त्यांनी तो ऐकूनच घेतलेला नाही.

आखाती देशांत नागरिकत्व बापाकडून येतं. कुवेतचा नागरिकत्वाचा कायदा 1959 चा, संयुक्त अरब अमिरातीचा 1972 चा. परदेशी आईबापांच्या पोटी त्या भूमीवर जन्मणं ही गोष्ट हक्काच्या हिशेबात यावी, असं दोन्हींना वाटलेलं नाही. मुलाला मिळतो तो वडिलांच्या नोकरीला टांगलेला निवासी परवाना. वडिलांची नोकरी गेली की नवी शोधायची, नाहीतर सगळ्यांनी सामान बांधायचं. अमिरातीत मुलाला अठराव्या वर्षापर्यंत वडिलांच्या आधाराने राहता येई, शिकत असला तर थोडं पुढे. 2022 मध्ये ही मर्यादा पंचविशीपर्यंत नेली. मुलीला मात्र लग्न होईपर्यंत. म्हणजे मुलगा कमावता होईस्तोवर आणि मुलगी सासरी जाईस्तोवर शहर त्यांना ओळखतं. पुढे ओळख टिकवायची तर पुन्हा नोकरी, पुन्हा परवाना, पुन्हा मुदत.

या मुलांचं बालपण मात्र मुदतीचं नव्हतं. कोणतंच बालपण तसं नसतं. बर दुबईतला किंवा करामातला दोन खोल्यांचा फ्लॅट. घरात मराठी, जिन्यात हिंदी-उर्दू, वर्गात इंग्रजी. शेजारी पेशावरचे, समोर कालिकतचे, वरच्या मजल्यावर मनिलाचे. खाडी ओलांडायला एका दिरहमची अब्रा होडी. कोपऱ्यावरच्या केरळी कॅफेटेरियातला करक चहा, बेकरीतून कागदात गुंडाळून आणलेला गरम कुब्बूस. शुक्रवारची सुट्टी, आणि शुक्रवारी दुपारी एकदम शांत होणारे रस्ते. गणपतीला महाराष्ट्र मंडळाचा भाड्याचा हॉल. उन्हाळ्यात दोन महिने गावी, जिथे भावंडं यांना ‘दुबईवाले’ म्हणायची. तिकडे परतलं की पुन्हा ‘इंडियन’. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी कोकणी मुस्लिम घरांत तर आखात हा घरच्या नकाशाचाच भाग आहे: आजोबा कुवेतला, वडील दुबईला, मुलाचा जन्म शारजाचा.

या यादीत एक गोष्ट नाही, आणि ती खटकायला हवी. अरबी कुठे आहे? शाळेत होती, मार्कांपुरती. बहुतेकांच्या बालपणात अमिराती मित्र नाही, अमिराती घरातलं एक जेवण नाही. मग ज्या शहराच्या धन्यांची भाषा येत नाही ते शहर यांचं कसं? माझ्या मते या प्रश्नातच शहराची चुकीची कल्पना दडली आहे. अमिरातीत मूळ नागरिक लोकसंख्येच्या जेमतेम दहा-बारा टक्के आहेत. दुबईच्या टॅक्सीत, किराणा दुकानात, दवाखान्यात जे बोललं जातं ते हिंदी, उर्दू, मल्याळम, तागालोग आणि मोडकं इंग्रजी. या मुलांना जी दुबई ठाऊक आहे ती अरबी शहराची परकी आवृत्ती नव्हे. ती एक खरीखुरी दक्षिण आशियाई वसाहत आहे, स्वतःच्या चालीरीतींची, स्वतःच्या बोलीची. तिच्यावर राज्य दुसऱ्याचं आहे, एवढंच.

बारावी झाली की यातल्या बहुतेकांची पाठवणी भारतात होते. आपल्या सरकारलाही हे ठाऊक आहे, म्हणून एनआयटीच्या प्रवेशात आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा ठेवलेल्या आहेत. पुण्याच्या वसतिगृहात बॅग ठेवणारा मुलगा कागदोपत्री मायदेशी परतलेला असतो. प्रत्यक्षात तो आयुष्यात पहिल्यांदा घर सोडून आलेला असतो. त्याला जे छळतं त्याला घरची आठवण म्हणण्याचीही सोय नाही, कारण सगळे सांगतात की तू आता घरी आला आहेस.

कुवेतमध्ये जन्मलेल्यांवर तर ही वेळ एका रात्रीत आली. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. पुढच्या काही आठवड्यांत 1,70,000 च्या घरातले भारतीय, बरेचसे जॉर्डनच्या अम्मानमार्गे, विमानांनी मुंबईत आणि अन्यत्र उतरवले गेले. ही सुटका होती आणि आपण तिचा अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. पण त्या विमानांत जी मुलं होती त्यांच्या दृष्टीने ती सुटका कशातून होती? शाळेतून, गल्लीतून, मित्रांतून. ‘आपली माणसं आपल्या देशात आली’ या वाक्यात त्यांचं दुःख मांडायला जागाच उरली नाही.

आखात आणि आपण यांच्यामधली रेघ इतकी ठळक कायमच होती, असंही नाही. 1909 मध्ये दुबईत टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानी टपाल खात्याची. भारतीय रुपया आखातात रोजच्या व्यवहाराचं नाणं होता. 1959 पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि 1966 पर्यंत दुबईत त्या चालल्या. तेलाआधीचं आखात मोत्यांवर जगत होतं आणि ते मोती विकले जात मुंबईत. मोहम्मद अली रोडच्या परिसरात अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, त्यांची कुटुंबं वर्षानुवर्षं इथे राहत. म्हणजे मुंबईची आठवण काढत कुवेतमध्ये म्हातारे झालेले अरबही होते. माणसांची ये-जा शेकडो वर्षांची आहे. कोण कुठला हे कायमचं ठरवणारा कागद मात्र काल-परवाचा.

आता दुसऱ्या उत्तराकडे येऊ: ही ओढ शहराची नसून बालपणाची आहे, आणि बालपण कोणालाच परत मिळत नाही. यात तथ्य आहे. शारजातल्या एखाद्या इमारतीसाठी झुरणाऱ्या माणसाला ती इमारत दिली तरी त्यातली दुपार मिळणार नाही. पण हे उत्तर एक महत्त्वाचा फरक झाकून टाकतं. सदाशिव पेठेत वाढून पुण्यातच राहिलेल्या माणसाचंही बालपण गेलेलंच असतं. तरी त्याला आपल्या गल्लीत कधीही उभं राहता येतं. वाडा पडताना पाहता येतो, नव्या सोसायटीला शिव्या देता येतात. पुणं बिघडलं म्हणून वर्तमानपत्राला पत्र धाडता येतं. शहराशी भांडत भांडत त्याचं लहानपण सुटत जातं. शहराबाहेर काढलेल्याला हे भांडणच मिळत नाही. त्याच्या मनातलं शहर तो निघाला त्या दिवशी थांबतं आणि खरं शहर पुढे निघून जातं. 1 जानेवारी 2022 पासून अमिरातीत साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी आली. ज्यांच्या सगळ्या आठवणींचा सुट्टीचा वार शुक्रवार आहे, त्यांना ही बातमी इकडे वाचावी लागली. बर दुबईतलं जुनं शिवमंदिर 2024 च्या सुरुवातीला जबल अलीला हललं. तिथे राहणाऱ्यांनी कुरकुर केली असेल आणि नव्या जागेची सवय लावून घेतली असेल. दूर असलेल्याला ना कुरकुर करता येते, ना सवय लावता येते. म्हणून परत जाता येणं हे त्या ओढीचे लाड नव्हेत. ती ओढ शमवण्याचा तो बहुधा एकमेव मार्ग आहे.

हा मार्ग कोणाला खुला असतो? इतिहासाचं उत्तर सरळ आहे: ज्याच्या हाती सत्ता त्याला. रुडयार्ड किपलिंग 1865 मध्ये मुंबईत जन्मला, सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर इंग्लंडला धाडला गेला आणि 1882 मध्ये पुन्हा मुंबई बंदरात उतरला. त्याला कोणी परवाना विचारला नाही, कारण बंदर त्याच्या साम्राज्याचं होतं. परवेझ मुशर्रफ दिल्लीत जन्मले. 2001 च्या जुलैत पाकिस्तानचे अध्यक्ष म्हणून आग्रा शिखर परिषदेसाठी आले तेव्हा दर्यागंजची आपली हवेली पाहून गेले. लालकृष्ण अडवाणी कराचीत जन्मले. 2005 मध्ये ते तिथे गेले, तेव्हा ते भारतातले विरोधी पक्षनेते होते. कराची-दिल्लीत जन्मलेल्या सामान्य माणसांच्या वाट्याला मात्र नेमक्या शहरांची नावं लिहिलेला व्हिसा आणि पोहोचल्यावर पोलीस ठाण्यात हजेरी आली, तीही दोन्ही सरकारांचा मूड बरा असेल त्या वर्षी. शत्रुराष्ट्राच्या प्रमुखाला जन्मघर पाहता येतं आणि त्याच गल्लीतल्या शिक्षकाला येत नाही, तेव्हा सुरक्षेचं कारण तोकडं पडतं. कोणाच्या आठवणीला वजन द्यायचं, हे इथे माणसाच्या हुद्द्यावरून ठरतं.

कायद्याला आठवणीचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. रक्तातून आलेली आठवण तो आनंदाने मानतो. गोव्यात 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपण्याआधी, जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. लिस्बन पाहिलेलं नसलं, पोर्तुगीजचं एक वाक्य येत नसलं तरी चालतं. आपलं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डही याच जातीचं. ज्याने सातारा नकाशावरही शोधलेला नाही अशा अमेरिकन तरुणाला पणजोबा साताऱ्याचे होते म्हणून भारतात आयुष्यभर येण्याजाण्याची मुभा मिळते. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली मंडळींना अलिबाग-मुंबईची ओढ आहे, मराठी त्यांनी तिकडेही जपली. त्यांना आणि त्यांच्या मुलांना हे कार्ड मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण परदेशी आईबापांचं मूल मुंबईत जन्मलं, इथेच शिकलं, अस्खलित मराठी बोललं, तरी निव्वळ त्या बळावर त्याला हे कार्ड मिळणार नाही.

रक्ताखेरीज कायदा आणखी एक गोष्ट मानतो, पैसा. अमिरातीने 2019 मध्ये गोल्डन व्हिसा सुरू केला. गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ, कलावंत, इतकंच काय, उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही त्यात बसतात. 2021 मध्ये निवडक परदेशी लोकांना थेट नागरिकत्व देण्याचीही तरतूद झाली. म्हणजे दार बंद नाही. दारात घर घेतलेला चालतो, पहिल्या क्रमांकाने पास झालेला चालतो. फक्त ‘मी इथे जन्मलो, इथेच चालायला शिकलो’ ही पात्रता त्या यादीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रक्त आणि पैसा यांच्या जोडीला तिसरा निकष हवा: त्या जागी घालवलेलं बालपण. निवडणूक लढवण्याचा, सरकारी अनुदानाचा, मतदानाचा हक्क कोणी मागत नाही. जो तिथे जन्मला आणि ज्याने शाळेची बरीचशी वर्षं तिथे काढली, त्याला प्रायोजकाविना येता-जाता यावं, काम शोधता यावं, म्हातारपणी राहता यावं. ओसीआयने हे रक्ताच्या बाबतीत करून दाखवलं आहे. ते जन्मभूमीच्या बाबतीत अशक्य का मानायचं?

याला तीन आक्षेप येतील. पहिला कराराचा: आईबाप नोकरीसाठी गेले, अटी त्यांना ठाऊक होत्या. खरं आहे, आईबापांनी सही केली होती. मुलाने केली नव्हती. वाढत्या वयाच्या मुलाला तू इथे तात्पुरता आहेस असं सांगून ठेवता येतं, पण त्याला तात्पुरतं वाढवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो तिथल्या मूळ रहिवाशांचा आहे. ज्या देशात दहांतले नऊ जण बाहेरचे, तिथे प्रत्येक जन्माला हक्क जोडला तर एका पिढीत देश हातचा जाईल. आपली भाषा, आपल्या रीती, आपलं नाव पुसलं जाईल, ही भीती मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. मुंबईसाठी इथे माणसं हुतात्मा झाली आहेत. आपल्याच शहरात आपण पाहुणे ठरत आहोत ही सल गिरगाव-परळने अनुभवली आहे. म्हणून अमिराती माणसाने सावध असणं मला चुकीचं वाटत नाही. पण सावधपणाने नागरिकत्व रोखता येतं, त्यासाठी नातंच नाकारण्याची गरज नाही. कुवेतमध्ये बिदून म्हणवणारे अरब लोक आहेत. ते पिढ्यान्पिढ्या तिथेच जन्मले, तीच भाषा बोलतात आणि तरीही त्यांच्यापाशी कोणत्याच देशाचं नागरिकत्व नाही. भाषा आणि रीती वाचवणं हाच हेतू असता तर त्यांना कधीच सामावून घेतलं असतं. कोणाला आत घ्यायचं याचा ताबा राज्याला स्वतःकडे ठेवायचा असतो, आणि संस्कृतीची भीती त्याला पुष्कळदा आयती सापडते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत बोचतो: ही ओढ सुखवस्तूंची आहे. आखातात बायकोमुलांना नेण्यासाठी ठरावीक पगार लागतो. ज्यांनी त्या शहरांचे मनोरे बांधले ते कामगार छावण्यांत बारा-बारा जण एका खोलीत राहिले. त्यांची मुलं दुबईत जन्मलीच नाहीत. ती कोकणात, बिहारात, तेलंगणात जन्मली आणि दोन-तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या बापाची वाट पाहत वाढली. त्यांच्या तुलनेत करामातल्या फ्लॅटची आठवण ही चैनच. हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. पण दोन्ही दुःखांचं मूळ एक आहे. माणसाचे हात हवेत आणि त्याच्यामागून येणारा माणूस नको, हा त्या व्यवस्थेचा पाया आहे. गरिबाचं कुटुंब तिने येऊच दिलं नाही, मध्यमवर्गीयाचं येऊ दिलं आणि काम संपल्यावर परत केलं. एकाच्या वाट्याला विरह आला, दुसऱ्याच्या वाट्याला हद्दपारी. कमी सोसलेल्याने गप्प बसावं, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मात्र हे सगळं दुबईला ऐकवताना आपल्याला स्वतःची वही उघडी ठेवावी लागेल. भारताच्या भूमीवर जन्मणं हे एकेकाळी नागरिकत्वासाठी पुरेसं होतं. 1 जुलै 1987 पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. 3 डिसेंबर 2004 पासून ती आणखी आवळली: दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा. 1962 च्या युद्धात आपण कलकत्ता, आसाम, दार्जिलिंगकडच्या चिनी वंशाच्या हजारो लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांतले पुष्कळ इथेच जन्मलेले होते. चीन त्यांनी पाहिलेलाही नव्हता. त्यातली कितीतरी कुटुंबं पुढे कॅनडात गेली आणि टोरांटोत राहून कलकत्त्यातल्या टांगऱ्याच्या गल्ल्यांची आठवण काढत राहिली. त्यांचं जन्मगाव आपण हिरावून घेतलं. त्यासाठी तेल लागलं नाही की वाळवंट.

आणि मुंबई? तिथे कायदा निदान स्पष्ट आहे. देशाच्या कोणत्याही नागरिकाला इथे राहण्याचा हक्क संविधानाने दिला आहे. पण कायद्याने दिलेलं आपण बोलण्यातून काढून घेतो. धारावीत किंवा कुर्ल्यात जन्मलेल्या, पालिकेच्या शाळेत शिकलेल्या टॅक्सीवाल्याच्या मुलाला आपण विचारतो, “तुझं मूळ गाव कुठलं?” तो मुंबई म्हणाला तर समाधान होत नाही. “ते ठीक, पण मुळात?” मग तो जौनपूरचं किंवा आझमगडचं नाव घेतो, जिथे तो पाहुणा म्हणूनही धड राहिलेला नसतो. दुबईच्या खिडकीतला अधिकारी नियमावर बोट ठेवून जे करतो, ते आपण गप्पांच्या ओघात, चहा पिता पिता करतो. मराठीचा हट्ट धरायलाच हवा, त्या मुलाने ती शिकावी आणि शाळेने त्याला ती नीट शिकवावी. पण तो मराठी शिकला, तरी आपण त्याला इथला मानणार आहोत का? या प्रश्नाचं उत्तर ‘मुळात नाही’ असं असेल, तर अमिरातीच्या कायद्यात आणि आपल्या मनात फरक फक्त अंमलबजावणीचा राहतो.

जन्माने हक्क मिळतो की रक्ताने, हा वाद राज्यशास्त्राच्या पुस्तकांत चालत राहील. माणसं मात्र तो निकाली लागण्याची वाट पाहत नाहीत. ती जिथे वाढतात तिथली होतात, मग कागद काहीही म्हणो. दुबईत जन्मलेल्या आपल्या मुलांना तिथे परत जाता यावं असं आपल्याला मनापासून वाटत असेल, तर त्यामागचं तत्त्व आधी आपल्या गावात चालवून दाखवावं लागेल. कुर्ल्यात जन्मलेल्याने ‘मी मुंबईचा’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न न विचारणं, ही त्याची सुरुवात आहे.